पांढऱ्या भिंती आणि दोन कॅमेरे

एजियन समुद्रातील सँटोरिनी हे ग्रीक बेट प्रत्यक्ष पाहिले नसले, तरी त्याचे छायाचित्र पाहिलेले नाही असा वाचक विरळाच. शुभ्र घरे, निळे घुमट आणि खाली गडद समुद्र. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या महास्फोटानंतर उरलेल्या कड्याच्या ऐन काठावर ही वस्ती आहे. पाहणाऱ्याला सोपे वाटणारे हे दृश्य कॅमेऱ्याला मात्र हमखास चकवते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरतो. चौकटभर पांढरी भिंत आली की तो प्रकाश कमी करतो आणि भरदुपारची झगझगीत भिंत छायाचित्रात मळकट उमटते. त्यामुळे मीटरने सांगितल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. खरी मेख पुढेच आहे. निगेटिव्ह फिल्म अधिकचा प्रकाश सहज पचवते. तिला खपत नाही ती सावलीतली उपासमार. डिजिटल कॅमेऱ्याचे नेमके उलटे. सावलीतला तपशील 'रॉ' फाइलमधून बराचसा वर काढता येतो, पण भिंतीचा जो भाग पूर्ण पांढरा झाला, तो कायमचा गेला. या बाबतीत डिजिटल कॅमेरा जुन्या स्लाइड फिल्मच्या जातीचा आहे. म्हणूनच दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला एकाच भिंतीसमोर दोन वेगळे हिशेब करावे लागतात. फिल्मसाठी सावलीचे मोजमाप घ्यायचे आणि डिजिटलसाठी भिंतीचे. नंतर हिस्टोग्रामचा आलेख उजव्या काठावर आदळलेला नाही ना, ते पाहायचे.

पोलरायझर फिल्टरचा मोहही येथे आवरता घ्यावा. आकाश आधीच गर्द निळे असते; वाइड लेन्सवर फिल्टर लावल्यास त्यात एका बाजूला काळपट डाग दिसतो. उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' वारा सुटतो. अशा वेळी भर वाऱ्यात लेन्स बदलल्यास सेन्सरवर बसलेला धुळीचा कण पुढच्या प्रत्येक छायाचित्रात हजेरी लावतो. फिल्मचे बरे असते, तिथे दर चित्राला नवी फिल्म समोर येते.

इया गावातील सूर्यास्ताला गर्दी उसळते. कड्यात कोरलेल्या या घरांत एकाचे छप्पर हेच दुसऱ्याचे अंगण असते, हे विसरून अनेक जण चित्रासाठी थेट छपरांवर चढतात. तेथे माणसे राहतात, एवढे भान ठेवायला काय हरकत आहे?

चित्रे केवळ शोभेची नसतात, हेही या बेटाने पाहिले आहे. अमेरिकी छायाचित्रकार रॉबर्ट मॅकेब यांनी १९५०च्या दशकात एजियन बेटांवर कृष्णधवल चित्रे टिपली. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात सँटोरिनीवरील असंख्य घरे कोसळली. त्यापूर्वीचे बेट आज जुन्या निगेटिव्हमध्येच पाहावे लागते. २०२५ च्या आरंभी धरणीकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हाही हजारो लोकांनी बेट सोडले होते.

फिल्म नेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. अनेक विमानतळांवर आता सीटी पद्धतीची तपासणी यंत्रे आली आहेत आणि त्यांच्या किरणांनी न धुतलेल्या फिल्मवर धुके चढते. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवावेत आणि हाताने तपासण्याची विनंती करावी. चेक-इन सामानात तर ते मुळीच ठेवू नयेत.