कॉफीच्या कपात पक्ष कसा शिरतो?

जानेवारी २००४. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे पडघम वाजू लागले होते आणि आयोवा राज्यात टीव्हीवर एक छोटी जाहिरात झळकली. करकपातीचा आग्रह धरणाऱ्या ‘क्लब फॉर ग्रोथ’ या संघटनेनं ती केली होती आणि रोख होता व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांच्यावर. जाहिरातीत एका वयस्कर जोडप्याला डीन यांच्या करधोरणाबद्दल विचारलं जातं. उत्तरात कर येतात आणि लगेच मागे पडतात. पुढे सुरू होते ती माणसांची यादी : लाटे पिणारे, सुशी खाणारे, व्होल्वो चालवणारे, न्यूयॉर्क टाइम्स वाचणारे, अंगावर जागोजागी टोचून घेणारे, हॉलिवूडवर जीव टाकणारे. हा सगळा गोतावळा डीन यांनी आपल्या गावी परत न्यावा, असं ते जोडपं सुनावतं.

कर किती असावेत आणि कॉफीत दूध किती असावं, या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरीही आयोवातल्या प्रेक्षकाला ही यादी समजावून सांगावी लागली नाही. ती ऐकताच डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला आणि त्याचं मत कोणाला जाणार हेही ठरून गेलं. आपल्याकडेही हे ओळखीचं आहे. खांद्याला शबनम पिशवी, वाढलेली दाढी आणि जाडाभरडा सदरा दिसला की माणूस समाजवादी किंवा डावा, हे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं न विचारता धरून चालवलं. अशा ओळखीत तथ्य किती असतं आणि ती तयार कशी होते, यावर गेल्या दोन दशकांत बरंच काम झालं आहे. त्यातलं बहुतेक अमेरिकेतलं आहे, कारण तिथे दोनच मोठे पक्ष आहेत आणि आवडीनिवडींची सर्वेक्षणं वर्षानुवर्षं साठवून ठेवलेली आहेत.

तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवं. २०१७ मध्ये टिमनिट गेब्रू आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगल स्ट्रीट व्ह्यूची पाच कोटी छायाचित्रं संगणकाकडून तपासून घेतली. अमेरिकेतल्या २०० शहरांतल्या रस्त्यांवरची सुमारे सव्वादोन कोटी वाहनं त्यात ओळखली गेली. ज्या शहरात पिकअप ट्रकपेक्षा सेडान गाड्या जास्त, ते शहर अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकण्याची शक्यता ८८ टक्के निघाली. पिकअप जास्त असतील, तर रिपब्लिकन पक्षाकडे झुकण्याची शक्यता ८२ टक्के. त्याआधी, २००८ मध्ये, डॅना कार्नी, जॉन जॉस्ट आणि सॅम गॉस्लिंग प्रभृतींनी तर लोकांच्या खोल्यांतल्या वस्तूंची नोंद केली होती. परंपरावादी विद्यार्थ्यांच्या खोलीत कॅलेंडर, टपाल तिकिटं, इस्त्रीचं टेबल, खेळांशी संबंधित सजावट, राष्ट्रध्वज हे जास्त आढळलं. उदारमतवाद्यांच्या खोलीत नाना विषयांची पुस्तकं, तऱ्हेतऱ्हेचं संगीत आणि चित्रकलेचं साहित्य.

पिकअपचं कारण समजण्यासारखं आहे. शेती, लाकूडकाम, बांधकाम यांत ती गाडी लागते, हे व्यवसाय शहराबाहेर जास्त आणि अमेरिकेतला ग्रामीण भाग बराच काळ रिपब्लिकन आहे. गाडी आणि मत ही दोन्ही तिथल्या जगण्यातून आली आहेत. पण लाटेचं काय?

कॉर्नेल विद्यापीठातल्या डॅनियल डेलापोस्टा, योंगरेन शी आणि मायकेल मेसी या समाजशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये नेमका हाच प्रश्न शोधनिबंधाच्या शीर्षकात घातला : उदारमतवादी लाटे का पितात? त्यांच्यापुढे ‘जनरल सोशल सर्व्हे’ या सर्वेक्षणाची १९७२ ते २०१० पर्यंतची उत्तरं होती. संगीत, छंद, श्रद्धा, कुटुंबाविषयीची मतं अशा शेकडो प्रश्नांवर राजकीय कल दिसत होता आणि त्यातल्या कित्येक प्रश्नांचा राजकारणाशी थेट धागा जुळत नव्हता. त्यांचं उत्तर माणसांच्या संगतीत आहे. आपण आपल्यासारख्यांशी मैत्री करतो, ही एक गोष्ट. ज्यांच्यात वावरतो त्यांच्यासारखे होत जातो, ही दुसरी. दोन्ही एकत्र चालू लागल्या की वय, शिक्षण, गाव यांमुळे सुरुवातीला असलेला बारीकसा फरक वाढत जातो. समजा, एका मित्रमंडळात दोघातिघांना एक पेय आवडलं. ते मंडळ राजकीयदृष्ट्या आधीच थोडं एका बाजूला कललेलं आहे. पेय त्याच मंडळात फिरतं, शेजारच्या समविचारी मंडळात जातं, पलीकडच्या बाजूला पोहोचतच नाही. चमचाभर विरजणानं पातेलंभर दही लागावं, तसं हे होतं. काही वर्षांनी बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, की या विचारसरणीत आणि या पेयात काहीतरी खोल नातं असणार.

हे संगणकावरच्या प्रारूपात दिसलं, खऱ्या माणसांत दिसेल का? मेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तेही करून पाहिलं, आणि या सगळ्या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रयोग. दोन्ही पक्षांच्या हजारो समर्थकांना त्यांनी ऑनलाइन बोलावलं आणि एकमेकांशी संपर्क नसलेल्या वेगवेगळ्या ‘जगां’त वाटून दिलं. प्रत्येक जगात प्रश्न तेच आणि असे, की ज्यांवर पक्षांनी अजून भूमिका घेतलेलीच नाही. काही जगांत प्रत्येकानं एकट्यानं उत्तर दिलं. बाकीच्यांत उत्तर देण्यापूर्वी दिसत होतं, की आतापर्यंत या विधानाला कोणत्या पक्षाचे लोक जास्त पाठिंबा देत आहेत. एकट्यानं उत्तर देणाऱ्यांत पक्षागणिक फरक फारसा पडला नाही. दुसऱ्यांचा कल दिसत होता तिथे मात्र पक्षांच्या फळ्या उभ्या राहिल्या, आणि त्या जगागणिक उलटसुलट होत्या. एका जगात जे मत डेमोक्रॅट्सचं झालं, तेच दुसऱ्या जगात रिपब्लिकनांचं झालं. सुरुवातीला कोणी काय म्हटलं, या योगायोगावर पुढचं सगळं ठरत गेलं. प्रत्येक जगातल्या माणसाला आपलं मत आपल्या मूल्यांतून आलं असंच वाटलं असणार. इतिहास एकदाच घडतो, म्हणून आपल्या वाट्याला आलेली फळी अटळ दिसते.

मात्र प्रत्येक आवड अशी योगायोगानं आली, असं म्हणणंही चुकीचं ठरेल. २०१८ मध्ये डायना मट्झ आणि जाह्नवी राव यांनी लाटेचाच पाठपुरावा केला. उदारमतवाद्यांत लाटेची आवड खरोखर थोडी जास्त निघाली. महागडी म्हणून किंवा कॉफीचं दुकान जवळ आहे म्हणून हा फरक पडतो का, हे त्यांनी तपासलं, पण तसं दिसलं नाही. दुवा सापडला तो जागतिकीकरणाविषयीच्या दृष्टिकोनात. ज्यांना परदेशी गोष्टींचं वावडं नाही, त्यांना हे इटालियन नावाचं पेय अधिक जवळचं वाटत होतं.

आता थोडं गणित. समजा, एका गावात हजार मतदार आहेत, पाचशे ‘अ’ पक्षाचे आणि पाचशे ‘ब’ पक्षाचे. ‘अ’ पक्षाच्या ८० जणांना लाटे आवडते, ‘ब’ पक्षाच्या ४५ जणांना. जवळपास दुपटीचा फरक. बातमीत मथळा होण्याजोगा. पण हातात लाटेचा कप असलेल्या १२५ जणांना तुम्ही ‘अ’ म्हटलंत, तर ४५ वेळा चुकाल. उरलेल्या ८७५ जणांबद्दल तर कप नसण्यानं काहीच कळत नाही, कारण त्यांत ४२० ‘अ’चे आहेत आणि ४५५ ‘ब’चे. आणि मुख्य म्हणजे ‘अ’ पक्षाच्या पाचशेपैकी ४२० जण लाटे पीतच नाहीत.

मन हे गणित करत नाही. ‘या गटात काय जास्त आढळतं?’ हा प्रश्न सोडून ते ‘या गटात इतरांपेक्षा वेगळं काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर देतं. पेद्रो बोर्दालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही गोष्ट गणिती रूपात मांडली. त्यांचं उदाहरण आयरिश लोकांच्या लाल केसांचं आहे. आयरिश म्हटलं की लाल केस आठवतात. प्रत्यक्षात लाल केस जेमतेम दहा टक्के आयरिश लोकांचे. पण उरलेल्या जगात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असल्यामुळे तीच खूण मनात ठसते आणि नव्वद टक्के आयरिश माणसं चित्रातून गळून पडतात.

गेब्रू यांच्या गाड्यांतही एक खाच आहे. तो अंदाज शहराबद्दल होता, गाडीच्या मालकाबद्दल नव्हता. अँड्र्यू गेलमन या संख्याशास्त्रज्ञानं २००८ च्या पुस्तकात दाखवलं, की त्या काळात कनेक्टिकटसारखी श्रीमंत राज्यं डेमोक्रॅटिक पक्षाला आणि मिसिसिपीसारखी गरीब राज्यं रिपब्लिकन पक्षाला मत देत होती. पण मिसिसिपीतला श्रीमंत माणूस तिथल्या गरिबापेक्षा रिपब्लिकन असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. समूहाचा नियम व्यक्तीला लावला, की तो असा साफ उलटा पडू शकतो.

जिथे माणूस स्वतःहून खूण अंगावर घेतो, तिथली गोष्ट वेगळी. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. विद्यार्थिदशेतल्या सावरकरांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला आणि लोकमान्य टिळक तिथे हजर होते. त्यानंतर स्वदेशी कापड घालणाऱ्याचा आणि पुढे असहकाराच्या काळात खादीची टोपी डोक्यावर चढवणाऱ्याचा राजकीय अर्थ कोणाला शोधावा लागला नाही. तो अर्थ सांगण्यासाठीच ते कापड होतं. लाटे पिणाऱ्यानं असं काहीही सांगितलेलं नसतं. ते त्याच्या तोंडी घातलं जातं.

आणि हा अर्थ बदलतोही. टेस्लाची गाडी अमेरिकेत दीर्घकाळ पर्यावरणप्रेमी डेमोक्रॅटची समजली जायची. जुलै २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याच गाड्यांच्या दुकानांपुढे डाव्या विचारांचे निदर्शक उभे राहिले. मस्क यांचे रंग कळण्याआधी ही गाडी घेतली होती, असं सांगणारे स्टिकर मालक काचेवर लावू लागले. गाडीची बॅटरी, चाकं, किंमत यांतलं काहीच या बदलाला कारण नव्हतं.

शिक्का बसला की त्याची किंमत मोजावी लागते, हेही मोजलं गेलं आहे. डेना ग्रोमेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लोकांना पैसे देऊन दिवा विकत घ्यायला सांगितलं : एक जुना, तारेचा, आणि एक विजेची बचत करणारा महागडा. दिव्यावर काहीच लिहिलेलं नसताना परंपरावादी आणि उदारमतवादी यांच्या निवडीत फरक नव्हता. पर्यावरण वाचवा, अशा अर्थाचं लेबल चिकटवलं आणि मध्यममार्गी व परंपरावादी ग्राहकांनी बचतीचा दिवा कमी उचलला. वीजबिल त्यांचंही कमी झालं असतं. चांगल्या हेतूनं लावलेली ती चिठ्ठी त्यांना ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं सांगून गेली. शासकीय मोहिमा आखणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग वाचावा असं मला मनापासून वाटतं.

वस्तूंवरून अंदाज बांधणं एकवेळ ठीक, चेहऱ्यावरून? निकोलस रूल आणि नलिनी अंबाडी यांनी २०१० मध्ये दाखवलं, की अनोळखी राजकारण्यांची नुसती छायाचित्रं पाहून लोक त्यांचा पक्ष निव्वळ नशिबापेक्षा थोडा बरा ओळखतात. चेहरा कणखर वाटला तर रिपब्लिकन, मायाळू वाटला तर डेमोक्रॅट. २०२१ मध्ये मायकल कोसिन्स्की यांनी दहा लाखांवर छायाचित्रं संगणकापुढे ठेवली. एक उदारमतवादी आणि एक परंपरावादी अशी जोडी दिली, तर कोण कोणता हे संगणकानं ७२ टक्के वेळा बरोबर सांगितलं. माणसाचा नेम अशा कामात सुमारे ५५ टक्के बसतो आणि नाणेफेकीचा ५०. संगणकाला जे सापडलं त्यातला थोडा भाग मान कशी धरली आहे आणि चेहऱ्यावर भाव कोणता आहे यातून उलगडतो. म्हणजे छायाचित्रासाठी आपण स्वतःला कसं सादर करतो, यातून. बाकीचं कशात आहे ते अजून पुरतं स्पष्ट नाही. पण शंभरातल्या २८ जोड्या चुकवणारं हे यंत्र सीमेवरच्या तपासणीत किंवा नोकरीच्या निवडीत बसवलं गेलं, तर त्या चुकांचे परिणाम ज्यांच्या वाट्याला येतील त्यांना दादही मागता येणार नाही. चेहरा मतदानकेंद्रातल्या पडद्याआड ठेवता येत नाही. म्हणून अशा वापराला कायद्यानं आत्ताच अटकाव हवा.

अशा खुणांवरून अख्ख्या पक्षाचं जे चित्र आपल्या मनात तयार होतं, ते कितपत खरं असतं? डग्लस आलर आणि गौरव सूद यांनी २०१८ मध्ये अमेरिकनांना विचारलं, की समोरच्या आणि आपल्या पक्षात कोण कोण आहे. उत्तरं सरासरीनं अशी आली : रिपब्लिकनांपैकी ३८ टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावतात आणि डेमोक्रॅट्सपैकी ३२ टक्के समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी आहेत. खरे आकडे होते २ टक्के आणि ६ टक्के. विरोधी पक्षाबद्दलचा अंदाज जास्त चुकलेला होता, आणि राजकीय बातम्यांत ज्यांना जास्त रस होता त्यांचे अंदाज अधिक चुकले. मग संशोधकांनी काही जणांना खरे आकडे सांगितले. उपदेश केला नाही, समोरच्यांशी गाठ घालून दिली नाही, फक्त आकडे दिले. तेवढ्यानंही समोरच्या पक्षाचे समर्थक त्यांना पूर्वीपेक्षा कमी टोकाचे आणि थोडे कमी परके वाटू लागले.