दूरच्या यंत्राची नाडी

श्रोतेहो, सातबारा काढायला गेलं की ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि पीककर्जाचे कागदही आपण कधी न पाहिलेल्या एका यंत्रावर अवलंबून राहिले. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी माहिती पुरवणारा संगणक. तो बंद पडण्याची कारणं अनेक असतात. कधी तार तुटते, कधी गर्दी होते. आज आपण त्याच्या देहाच्या प्रकृतीपुरतंच बोलू.

आमच्या नायगावात स्प्रिंग मिल होती. आज तिच्या जागी उंच इमारती आहेत. गिरणीतला जाणता कामगार साच्याचा आवाज ऐकूनच बिघाड ओळखी. बेअरिंग तापलं की हाताला कळे. पण सर्व्हर असतो शेकडो मैलांवर, कुलूपबंद थंड खोलीत. त्याला हात कोण लावणार?

यासाठी सर्व्हरच्या पोटातच एक छोटा, स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. त्याला राखणदार म्हणू. मोठं यंत्र बंद असलं, तरी खोलीतली वीज चालू असेतोवर हा जागा असतो. त्याला जाळ्यावर स्वतःचा पत्ता असतो. त्याच्याशी बोलण्याची एक समान भाषा इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली ठरवली; २०१५ साली रेडफिश नावाची नवी पद्धत आली. त्यामुळे मुंबईत बसलेला तंत्रज्ञ दूरचं यंत्र तपासू शकतो, बंद करून पुन्हा चालूही करू शकतो.

राखणदार काय पाहतो? आत येणाऱ्या हवेचं तापमान, पंख्यांचे फेरे, विजेचा दाब. खोलीची हवा साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असा संकेत आहे. मर्यादा ओलांडली, की तो वेळ टाकून नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि इशारा पाठवतो.

ही नोंदवहीच खरी महत्त्वाची. चांगल्या सर्व्हरला वीज पुरवणारे दोन संच असतात. एक जळाला तरी दुसरा भार उचलतो, काम सुरूच राहतं. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही! वहीत मात्र ओळ पडलेली असते. ती कुणी वाचली, तर संच बदलता येतो. नाही वाचली, तर दुसरा संच जाईल त्या दिवशी सगळंच थांबतं. लोकांना वाटतं, यंत्र अचानक बंद पडलं. खरं तर त्यानं आधीच सांगितलेलं असतं.

म्हणून तीन पथ्यं पाळावीत. पहिलं, घड्याळ बरोबर हवं. नाहीतर आधी काय झालं नि मागून काय, हे कळणार नाही. दुसरं, वहीची पानं मोजकी असतात. ती भरण्याआधी नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर जावी. तिसरं, राखणदाराच्या हाती घराच्या चाव्या असतात. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर चोरालाही त्याच दारानं आत येता येईल. तेव्हा पासवर्ड बदलावा आणि ही वाट सार्वजनिक इंटरनेटवर उघडी ठेवू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या संगणक खोलीतही हा धडा गिरवता येईल. एक साधी वही ठेवा. वीज केव्हा गेली, बॅटरी किती मिनिटं टिकली, कोणता पंखा कुरकुरला, हे तारीख-वेळेसह मुलांकडून लिहून घ्या. आणि दर शनिवारी ती वही कुणीतरी वाचेल, एवढं मात्र बघा.