मोजक्या गोळ्या, मंद उजेड

'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव रूढ झालं ते 1996 साली, कॅपकॉमच्या 'रेसिडेंट इव्हिल'मुळं. पहिल्या प्लेस्टेशनची ताकद तुटपुंजी होती. अख्खी हवेली त्रिमितीत फिरवून दाखवणं त्याला पेलणारं नव्हतं, म्हणून आधीच रंगवून ठेवलेली स्थिर दृश्यं आली आणि कॅमेरा कोपऱ्यात खिळला. पुढची खोली लोड होईपर्यंत काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडत राही. 1999 च्या 'सायलेंट हिल'मध्ये लांबचं दृश्य रेखाटणं यंत्राला झेपेना, तेव्हा सगळं गावच धुक्यात बुडवलं गेलं. पण या अडचणींच्या जोडीला निर्मात्यांनी आपणहूनही टंचाई घातली. 'रेसिडेंट इव्हिल'मधल्या ख्रिस या पात्राजवळ सहाच वस्तू मावत. पिस्तूल, गोळ्या, औषधी पाला आणि दोन किल्ल्या घेतल्या की एकच जागा शिल्लक. खेळ जतन करायचा तर टाइपरायटरची रिबन हवी, आणि तीही मोजकीच. 'सायलेंट हिल'मधला खिशातला रेडिओ खरखरू लागला की काहीतरी जवळ आलंय एवढंच कळे. कुठून, ते नाही. या तीसेक वर्षांकडं पाहताना मला वाटतं, या खेळांतली भीती खेळणाऱ्याला काय काय नाकारलं यावरच उभी आहे.

मुबलकता आली तेव्हा काय झालं, हाच याचा पुरावा आहे. 2005 च्या 'रेसिडेंट इव्हिल 4'नं कॅमेरा खांद्यामागं आणला, शस्त्रं विकत मिळू लागली. खेळ म्हणून तो अव्वलच, त्यात वाद नाही. पण त्याच वाटेनं पुढं गेलेला 2012 चा सहावा भाग निव्वळ धुमश्चक्री ठरला, आणि 2017 मध्ये सातव्या भागाला पुन्हा एका कोंदट घरात परतावं लागलं.

यावर आक्षेप येतो की जुन्या धाटणीच्या खेळांची आजची रेट्रो लाट म्हणजे नुसता जुन्याचा सोस. तसं असतं तर जुनी अडचण जशीच्या तशी उचलली गेली असती. इथं कोल्हापूरच्या चित्रपटांचा दाखला देतो. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या 1920 च्या 'सैरंध्री'त भीमानं केलेला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य पुढं काढून टाकावं लागलं. धक्का कसा द्यायचा हे पेंटरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा 1925 चा 'सावकारी पाश' मूकपट होता. 1936 मध्ये त्यांनीच तो बोलपट म्हणून पुन्हा केला. आता आवाज हाताशी होता, हवा तेवढा कल्लोळ करता आला असता. पण चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडियांच्या आठवणीत रुतून बसलं ते लांबून, मंद उजेडात टिपलेलं एक उदास झोपडं आणि सोबतीला फक्त कुत्र्याचं रडणं. साधनं असतानाही थोडक्यात भागवणं ही निवड असते. 2022 च्या 'सिग्नालिस' या खेळातली सहा वस्तूंची मर्यादा मला त्याच जातीची वाटते, कारण आजच्या संगणकाला साठ वस्तूही जड नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हलताना रणगाड्यासारखं वळणारं पात्र, गोळी झाडताना न दिसणारा शत्रू, ही भीती नव्हे, छळवणूक आहे. हे बऱ्याच अंशी मान्य करायला हवं. नव्या निर्मात्यांनीही ते मान्य केलंय. 2024 च्या 'क्रो कंट्री'नं ओबडधोबड आकृत्यांचं जुनं रूप ठेवलं, पण कॅमेरा सर्व बाजूंनी फिरवायची मोकळीक दिली. जाच करणारं टाकलं, कासावीस करणारं ठेवलं. ज्यांना झुंज नको त्यांच्यासाठी त्यात शत्रूंचा धोका नसलेला एक पर्यायही आहे. जागा तीच, आकृत्या त्याच, संगीत तेच. तरी गोळी वाया जाण्याची धास्ती गेली की पुढचं दार उघडताना हात अडखळत नाही. जुनं रूपच घाबरवत असतं, तर या पर्यायातही भीती तितकीच राहायला हवी होती.