शरीराचे वय आणि हृदयाचे आरोग्य

मनुष्याचे वय जन्मतारखेवरून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु शरीर नेहमीच पंचांगाबरोबर चालते असे नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे कापड उद्योगावर उपजीविका करतात. तेथे शेजारी शेजारी माग चालविणाऱ्या, चाळिशीच्या दोघांपैकी एकाच्या रक्तवाहिन्या साठीच्या माणसासारख्या ताठर असू शकतात.

पेशींचे विभाजन होताना गुणसूत्रांच्या टोकांवरील ‘टेलोमिअर’ नावाचे संरक्षक भाग आखूड होत जातात. यासंबंधीच्या मूलभूत संशोधनास २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांचे टेलोमिअर आखूड, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण काहीसे अधिक आढळते. मात्र एवढ्यावरून एखाद्या व्यक्तीचे भवितव्य सांगता येत नाही. सामान्य माणसाने या चाचणीवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

अधिक उपयुक्त खूण रक्तदाबाची. लवचीक धमनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का सोसते. ती ताठरली की वरचा दाब चढतो आणि हृदयास अधिक जोर लावावा लागतो. तंबाखू, मधुमेह व अतिरिक्त मीठ यांमुळे हे वार्धक्य लवकर येते.

रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून छातीत दुखण्याची वाट न पाहता, तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाने जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. केस पिकणे टळत नाही. धमन्यांचे अकाली वार्धक्य मात्र पुष्कळ अंशी टाळता येते.