दोर लांब, पाणी खोल



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतला आड आणि मळ्यातली विहीर, दोन्हींचे पाणी खाली खाली चालले होते. "पाणी कुठं वर आहे ते बघून ये गं," असे आजी म्हणाली. मी पोहरा सोडला आणि दोर मोजला. आडाला १४ हात लागला, विहिरीला ९ हात. मी पळत घरी आले आणि सांगितले, "आजी, आडाचा आकडा मोठा आहे. आडावरच जाऊ."

आजी हसली. "अगं येडे, दोर जास्त लागला म्हंजे पाणी खोल गेलं! वर कुठून आलं?"

मी पुरती ओशाळले. पण पुढे शाळेत गुरुजींनी ऋण संख्या शिकवल्या, तेव्हा आजीचे बोलणे आठवले. विहिरीचा काठ म्हणजे शून्य धरा. काठाच्या खाली ऋण. मग आडाचे पाणी −१४ वर आणि विहिरीचे −९ वर. दोराकडे पाहिले तर १४ > ९. पाण्याकडे पाहिले तर −१४ < −९. दोन्ही बाजूंना −१ ने गुणले आणि चिन्ह उलटे झाले. विहिरी त्याच, फक्त प्रश्न बदलला. आधी "किती खाली?" विचारले होते, आता "किती वर?" विचारले.

ऋण म्हणजे कर्ज हे आपल्या घरी सगळ्यांना माहीत आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले, तेव्हा हेच शब्द वापरले. ज्याच्याकडे १०० रुपये कर्ज आहे, तो ५० रुपये कर्ज असणाऱ्यापेक्षा गरीब. कर्ज मोठे, माणूस लहान!

पण हे नेहमीच का घडते? गुरुजींनी विचारले तेव्हा वर्ग गप्प. मग आम्ही फळ्यावर असे करून पाहिले :

३ < ५. दोन्हींतून सारखेच वजा केले तर लहान ते लहानच राहते. आता दोन्हींतून ८ वजा करू. ३ − ८ = −५ आणि ५ − ८ = −३. म्हणून −५ < −३.

हे ८ कुठून आणले? ३ आणि ५ यांची बेरीज. कोणत्याही दोन संख्या घ्या आणि त्यांची बेरीज दोन्हींतून वजा करा. पहिलीच्या जागी दुसरी ऋण होऊन येते आणि दुसरीच्या जागी पहिली. दोघींनी जागा बदलल्या, म्हणून चिन्ह उलटले. यात जादू काही नाही.

तेव्हा नियम असा :
१) दोन्ही बाजूंना सारखेच मिळवले किंवा वजा केले, तर चिन्ह तेच राहते.
२) धन संख्येने गुणले किंवा भागले, तरी चिन्ह तेच राहते.
३) ऋण संख्येने गुणले किंवा भागले, तर चिन्ह उलटते.

हे विसरले तर काय होते? समजा, हौदात २०० घागरी पाणी आहे. रोज १५ घागरी लागतात. जनावरांसाठी ५० घागरी तरी राखायच्या. किती दिवस पाणी काढता येईल? दिवस क्ष मानू.

२०० − १५क्ष ≥ ५०
−१५क्ष ≥ −१५०

आता −१५ ने भागायचे. चिन्ह उलटवले तर क्ष ≤ १०, म्हणजे जास्तीत जास्त १० दिवस. चिन्ह तसेच ठेवले तर क्ष ≥ १०, म्हणजे कमीत कमी १० दिवस! १२ दिवस घेऊन ताळा करा. २०० − १८० = २०. जनावरे तहानलेली राहतील. एक चिन्ह चुकले आणि गोठा कोरडा पडला.

असेच ऋण आकडे वर्तमानपत्रातही येतात. जायकवाडी धरणाचा डावा कालवा आपल्या अंबड, घनसावंगी भागातून जातो. धरणातला उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातले पाणी काढावे लागले, की तो साठा 'उणे' लिहितात. २०१९ च्या उन्हाळ्यात तसे झाले होते. उणे २ टक्के आणि उणे ४ टक्के यांत पाणी जास्त कधी? उणे २ असताना. मोठा आकडा पाहून फसू नका.

आता तुम्ही सोडवा पाहू : −३क्ष > १२, तर क्ष केवढा? उत्तर काढल्यावर एक संख्या घालून ताळा जरूर करा. पालकांनीही प्रयत्न करावा. उत्तर पुढच्या अंकात देऊ.

माझ्या आजीला पाटीवरचे चिन्ह वाचता येत नाही. पण ते कधी उलटते, हे तिला माझ्याआधी कळले होते.

— इयत्ता आठवीतील एक विद्यार्थिनी