ऑइल फिल्टर घेताना : कंपनीचा, बाहेरचा की नकली?

आपल्याकडे गाडी आता केवळ हौस राहिलेली नाही. वर्सोवा, यारी रोड, सात बंगला, जोगेश्वरी या पट्ट्यात कितीतरी घरांची रोजी चार चाकांवर चालते. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो, कोणी चित्रीकरणाच्या युनिटला गाडी भाड्याने देतो. गाडी बहुधा हप्त्यावर घेतलेली असते. म्हणजे इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची फी मागच्या वर्षी तीन महिने रखडली. वडिलांना बोलावले तेव्हा कळले की टॅक्सीचे इंजिन बसले आहे. गॅरेजमध्ये इंजिन खोलले तेव्हा बेअरिंग झिजलेले निघाले. उस्तादांनी जुना ऑइल फिल्टर कापून दाखवला. बाहेरचा डबा नामवंत कंपनीसारखाच रंगवलेला. आत मात्र कागदाच्या मोजक्याच घड्या, त्याही डिंक सुटून एका बाजूला सरकलेल्या. गाळण्याचे काम त्याने केलेच नव्हते. त्या गृहस्थांचे म्हणणे एवढेच होते, "सर, बाहेरचा फिल्टर टाकला, तिथेच चूक झाली."

चूक बाहेरचा फिल्टर टाकण्यात नव्हती. तो नकली होता, हे खरे कारण. या दोन गोष्टींत आपले लोक नेहमी गल्लत करतात. त्यामुळे काही जण घाबरून दुप्पट पैसे मोजतात, तर काही जण "सगळे सारखेच" म्हणत कसलाही माल घेतात.

बाजारात मिळणाऱ्या फिल्टरचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, ज्याला दुकानदार 'जेन्युइन' म्हणतात. दुसरा फिल्टर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला. बॉश, मान, महले, पुरोलेटर, एलोफिक ही त्यातली ओळखीची नावे. यालाच 'आफ्टरमार्केट' म्हणतात. तिसरा या दोघांपैकी कोणाचे तरी नाव चोरून विकलेला, म्हणजे डुप्लिकेट. गाडीच्या कंपन्या फिल्टर बहुतेक वेळा स्वतः बनवत नाहीत, फिल्टरच्या कारखान्यांकडून बनवून घेतात. म्हणून दुसऱ्या प्रकाराला कमी लेखण्याचे कारण नाही. फिल्टरचा शोधही गाडीच्या कंपनीने लावलेला नव्हता. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्घ या दोघांनी गाडीसाठी ऑइल फिल्टर तयार केला आणि 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून त्याला 'पुरोलेटर' नाव दिले. तेच नाव आजही आपल्या दुकानांत दिसते.

आता फिल्टरच्या आत काय असते ते पाहू. तळाच्या पत्र्यावर गोलाकार बारीक छिद्रे असतात. त्यांतून इंजिनचे ऑइल आत शिरते, घडीच्या कागदातून बाहेरून आत गाळले जाते आणि मधल्या आट्याच्या भोकातून इंजिनकडे परत जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगमधला ऑइलचा थर त्याच्या मानाने फारच पातळ, काही मायक्रॉनचाच. डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे वाळूच्या कागदासारखा घासतो.

चांगल्या फिल्टरमध्ये कागदाखेरीज आणखी दोन वस्तू असतात. एक म्हणजे रबराची झडप. गाडी बंद असताना फिल्टरमधले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू नये, हे तिचे काम. ती हलक्या रबराची असेल तर उष्णतेने कडक होते. मग सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद टकटक आवाज येतो, कारण तेवढा वेळ वरच्या भागात ऑइल पोहोचलेले नसते. सिलिकॉनची झडप जास्त काळ मऊ राहते. दुसरी वस्तू म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली बायपास झडप. कागद तुंबला तर ती उघडते आणि न गाळलेले ऑइल इंजिनला देते. ऑइलच न मिळण्यापेक्षा मळके मिळालेले बरे. काही गाड्यांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनमध्येच असते. म्हणूनच केवळ आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा फिल्टर बसवू नये. आट्याचे माप अनेक गाड्यांचे एकच असते, पण झडप उघडण्याचा दाब वेगळा असू शकतो. गाडीचे मॉडेल, साल, इंजिन आणि इंधन सांगून कंपनीच्या यादीतला नेमका पार्ट नंबर जुळवून घ्यावा.

डब्यावर "९९ टक्के गाळणी" असे छापलेले असले की आपण खूश होतो. पण किती मायक्रॉनच्या कणांना, हे लिहिले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ४० मायक्रॉनचे ९९ टक्के कण अडवणे सोपे, २० मायक्रॉनचे अडवणे अवघड. फिल्टर तपासण्याची 'आयएसओ ४५४८' ही आंतरराष्ट्रीय चाचणी-मालिका आहे. तिचा उल्लेख करून मायक्रॉनसह आकडा देणारी कंपनी निदान तपासता येईल असे बोलते.

नकली माल ओळखायचा कसा? डब्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असायलाच हवा. २०११ च्या पॅकिंगविषयक वजन-माप नियमांनी ते बंधनकारक केले आहे. होलोग्राम किंवा क्यूआर कोड असेल तर दुकानातच मोबाइलवर तपासावा. मग फिल्टर हातात घ्यावा. छपाई पुसट नको, आट्यात पत्र्याचे कीस नकोत, रबरी रिंग खाचेत नीट बसलेली हवी. छिद्रातून पेनाच्या टोकाने झडप हलके दाबून पाहावी, ती मऊ लागली पाहिजे. हलवल्यावर आत काही खुळखुळू नये. पूर्वी वापरलेला अस्सल फिल्टर जवळ असेल तर वजनाची तुलना करावी. आणि बिल घ्यावे, पार्ट नंबर लिहिलेले. बिल द्यायला कचरणाऱ्या दुकानातून दहा रुपयेही वाचवू नयेत. ऑपेरा हाऊसच्या ऑटो पार्ट्स बाजारात कंपन्यांचे अधिकृत विक्रेते मिळतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे; तिथून दरवाजा किंवा आरसा जरूर घ्यावा, फिल्टर मात्र कधीच वापरलेला घेऊ नये.

किती वाचते, त्याचा हिशेब सातवीचे मूलही करील. छोट्या पेट्रोल गाडीचा चांगला फिल्टर १५० रुपयांचा धरू आणि तो १०,००० किलोमीटर चालला असे मानू. खर्च किलोमीटरला दीड पैसा. नकली फिल्टर ८० रुपयांना मिळाला तर बचत किलोमीटरला पाऊण पैशाहून कमी. एवढ्यासाठी हजारो रुपयांचे इंजिन पणाला लावायचे का?

अनेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. पण सात बंगला ते अंधेरी स्टेशन हे अंतर आपण कसे कापतो? जे. पी. रोडवर अर्धा वेळ गाडी उभी, इंजिन चालू. किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र तापत राहते. पुस्तिकेत कठीण वापरासाठी कमी मुदत दिलेली असते, मुंबईत तीच आपली समजावी. सीएनजीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सीएनजीवर ऑइल लवकर काळे पडत नाही, म्हणून ते चांगलेच आहे असे नाही. उष्णतेने त्याचा कस जातोच. ऑइल बदलताना फिल्टरही बदलावा.

"बाहेरचा फिल्टर लावला तर वॉरंटी जाईल," ही धमकी बहुतेकांनी ऐकली असेल. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल देताना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद पुढे चालू राहिला. म्हणून शहाणपण असे की मोफत सर्व्हिसिंग असेपर्यंत ते अधिकृत केंद्रातच करावे आणि पुढे प्रत्येक बिल जपून ठेवावे. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल हाती असेल तर तिला वजन येते.

बसवण्याचे काम उस्तादांचे, पण उभे राहून पाहावे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर थोड्याच वेळात ऑइल गळून जाते. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावून फिल्टर हाताने फिरवावा. रिंग टेकल्यावर डब्यावर लिहिले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा आवळावा. मग गाडी काही मिनिटे चालू ठेवून खाली गळती आणि नंतर डिपस्टिक पाहावी.

उस्तादांच्या बाबतीत आपणही इमानदार असावे. मजुरीत आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, मग तो बिचारा सुट्या भागात कमिशन शोधतो आणि तिथूनच नकली माल आपल्या गाडीत शिरतो. फिल्टर स्वतः आणावा आणि मेहनतीचे पूर्ण पैसे द्यावेत.

काम झाल्यावर जुने ऑइल गटारात ओतू देऊ नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि इथल्या गटाराचे पाणी शेवटी खाडीला, समुद्राला मिळते. ज्या वर्सोवा किनाऱ्याची सफाई लोकांनी २०१५ पासून आपल्या हातांनी केली, तिथेच ते जाऊन पोहोचते. जुने ऑइल गोळा करून नेणारे गॅरेज निवडावे.

गाडीत एक वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, पुढची मुदत. हे काम घरातले कोणीही करू शकते, गाडी चालवता येत नसली तरी. आणि नव्या फिल्टरचा रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नये. पार्ट नंबर वहीत उतरवून तो फाडून टाकावा. अस्सल डबे गोळा करून त्यांत नकली माल भरला जातो. आपला डबा फाटला तर निदान एका गाडीचे इंजिन त्यातून वाचेल.