वाघाटी : नाव वाघाचे, वजन दीड किलोचे

वाघाटी म्हटले की घरच्या बायामाणसांना आधी भाजी आठवते. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी करण्याचा रिवाज पुष्कळ घरी आहे. त्या वेलीचे काटे वाघाच्या नखांसारखे वाकडे असतात. पण याच नावाचे एक ठिपकेदार रानमांजरही आपल्याकडे आहे, आणि त्याची ओळख मात्र फारच थोड्यांना असते.

बुलडाणा जिल्ह्यात सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर सुरू होतात. तेथील अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले व आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. मेळघाटच्या रानात वाघाटीची नोंद आहे. मात्र हा प्राणी दाट जंगलालाच धरून राहतो असे नाही. झुडपे, नाल्याकाठचे गवत, दगडांच्या कपारी आणि शेताचे धुरेही त्याला चालतात.

वाघाटीचे वजन एक ते दीड किलो, म्हणजे आपल्या घरच्या मांजरीच्या निम्म्याने. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती कोठेही आढळत नाही. अंग करडे-तपकिरी, त्यावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे ठिपके, कपाळावरून मागे जाणाऱ्या गडद रेघा, डोळ्यांजवळ दोन पांढरे पट्टे, आणि शेपटीवर ठिपके जवळजवळ नाहीतच. ती रात्री हिंडते व उंदीर, पाखरे, सरडे, बेडूक खाते.

नावांचा मात्र आपल्याकडे मोठा घोळ आहे. बिनठिपक्यांचे, उंच पायांचे ते बाऊल किंवा साधे रानमांजर. जवादी मांजराच्या अंगावर ठिपके असतात, पण ते मांजराच्या कुळातलेच नव्हे. उदमांजराचेही तसेच. आणखी एका ठिपकेवाल्या रानमांजराला कोणी बिबट मांजर म्हणतात, तर कोणी तिलाही वाघाटीच म्हणतात.

हा घोळ जिवावर बेततो तो पिल्लांच्या बाबतीत. वाघाटीला एका वेळी एक ते तीन पिल्ले होतात. पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे ऊसतोडीच्या वेळी फडात अशी पिल्ले सापडतात आणि “बिबट्याची पिल्ले” म्हणून गावभर बोभाटा होतो. तेथे वन खात्याने आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या पशुवैद्यांनी पिल्ले तपासून ती सापडली त्याच जागी परत ठेवली. अंधार पडल्यावर आई येऊन पिल्ले घेऊन गेल्याचे तेथे अनेकदा दिसले आहे.

आपल्याकडे ऊस नसला तरी पऱ्हाटीचे ढीग, तुराट्यांच्या गंज्या आणि धुऱ्यावरचे वाळलेले गवत आहेच. ते उचलण्यापूर्वी किंवा पेटवण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. पिल्लू दिसलेच तर हात लावू नये, फोटोसाठी गर्दी करू नये. ते खरोखर बिबट्याचे असले, तर आई जवळच असण्याचा संभव असतो. म्हणून तेवढ्या भागातले काम थांबवावे, पोरांना व कुत्र्यांना दूर ठेवावे आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पिल्लू गोजिरे दिसते म्हणून घरी पाळण्याचा मोहही नको. जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८६७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात पाळलेल्या वाघाटीची हकिगत दिली आहे. ती चांगली माणसाळली होती. पण आठेक महिन्यांची असताना चिंकाऱ्याचे पाडस दिसताच तिने त्याच्या मानेवर झेप घेतली, आणि तिला मोठ्या कष्टाने सोडवावे लागले. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाटीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, संरक्षण दिले आहे. तिला पकडणे, पाळणे वा मारणे हा गुन्हा आहे.

उंदीर किती धान्य नासतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते वेचणारा हा जीव पगार मागत नाही की चारा मागत नाही. शेताच्या कडेला थोडी झुडपे राखावीत, आणि उंदरांसाठी विषारी आमिष टाकल्यास मेलेले उंदीर उघड्यावर न ठेवता खोल पुरावेत. घरातल्या पोरांना भाजीच्या वाघाटीबरोबर या वाघाटीचीही ओळख करून द्यावी. ठिपके दिसले की काठी शोधण्याऐवजी ती आधी नाव विचारतील.